नर की मादी? विष्ठेला विचारण्याआधी या चुका टाळा

धामण ही नागाची मादी, हा समज गावाकडे अजूनही तग धरून आहे. सर्पमित्र घसा कोरडा करून सांगतात की जाती वेगळ्या, आणि दोन्हींत नरही असतात, माद्याही. पण हातात प्रयोगशाळेचा अहवाल असलेली माणसंही कधीकधी याच पंगतीत बसतात. साप, कासव, मगर अशा सरपटणाऱ्या प्राण्यांचे हार्मोन सुई न टोचता विष्ठेतून मोजता येतात, हे खरं. मात्र त्या आकड्यावर नर किंवा मादी असं लिहिलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्राणी कोणता हे न पाहता चाचणी ठरवणं. नाग, धामण, घोणस यांच्या मादीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, नरात डब्ल्यू नसतं. त्यामुळे ताज्या, कोरड्या कातीतला डीएनए पुरतो, हार्मोनच्या वाटेला जायचं कारणच नाही. हीच चाचणी अजगराला लावली की फसगत होते, कारण बर्मी अजगरात माणसासारखी एक्स-वाय पद्धत असल्याचं 2017 मध्ये दिसून आलं. आणि कुंडीतल्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा साप? त्याची चाचणी करूच नका. त्या जातीत सगळ्या माद्याच, नराविना अंडी घालणाऱ्या.

समुद्री कासवांत तर लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. कोकणातल्या वेळास, आंजर्ले इथल्या हॅचरीतून (अंडी सुरक्षित उबवायच्या कुंपणातून) समुद्राकडे धावणारं ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उबेनं ठरवलेलं असतं. साधारण 29 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. पिल्लाकडे बघून काही कळत नाही. अंड्याच्या कवचात उरलेल्या द्रवातल्या इस्ट्रोजेन (मादीचं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (नराचं हार्मोन) यांच्या प्रमाणावरून अंदाज बांधायचे प्रयोग समुद्री कासवांवर झाले आहेत. पण तो द्रव पिल्लू बाहेर पडताच घ्यावा लागतो. उन्हात वाळलेलं कवच दुसऱ्या दिवशी गोळा करून उपयोग नाही.

घरट्याचं तापमान मोजणारे आणखी एका ठिकाणी घसरतात, ते म्हणजे सगळ्या दिवसांची सरासरी काढतात. लिंग ठरतं ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात. शेवटच्या दिवसांत पिल्लांच्या स्वतःच्या उष्णतेनं घरटं तापतं आणि सरासरी उगाच वर जाते. नोंदयंत्र अंड्यांच्या मधोमध हवं, हॅचरीच्या खांबाला टांगलेलं नव्हे. आणि कासवाचा नियम मगरीला लावू नका. आपल्या मगरीत 28 ते 31 अंशांना माद्या आणि 32.5 च्या आसपास नर, म्हणजे गणित जवळजवळ उलटं.

वाढ झालेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची विष्ठा गोळा करताना पांढऱ्या खडूसारख्या भागाचा विसर पडतो. तो युरिक ॲसिडचा, म्हणजे लघवीचा ऐवज. एकदा तपकिरी, एकदा पांढरा, एकदा दोन्ही कालवून पाठवलं तर आकड्यांची तुलना कशी करणार? एका पिंजऱ्यात तीन कासवं असतील, तर कोणाची लेंडी कोणती हे आधी ठरवा. नमुना तसाच पडू दिला की जिवाणू हार्मोन मोडून टाकतात, म्हणून लगेच गोठवायचा किंवा अल्कोहोलमध्ये ठेवायचा. थंडीत या प्राण्यांचं पचन इतकं मंदावतं की आजची विष्ठा कित्येक दिवसांपूर्वीचं शरीर दाखवत असते. तारखेसोबत तापमान लिहून ठेवा.

मग किटचा घोळ. माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं टेस्टोस्टेरॉनचं किट विष्ठेतल्या मोडक्या रेणूंना ओळखेलच असं नाही. लिंग माहीत असलेल्या त्याच जातीच्या प्राण्यांवर ते आधी तपासून घ्यावं लागतं. ते न करता काढलेला आकडा मी तरी कागदावर उतरवणार नाही. शिवाय टेस्टोस्टेरॉन मादीतही असतं आणि विणीचा हंगाम सरला की नराचंही घसरतं. एकाच नमुन्यावर निकाल दिला, तर ऑफ-सीझनचा नर खुशाल मादी ठरतो. वर्षभराचे नमुने घ्या. ताण मोजायचा असेल तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉर्टिसॉल मागू नका, कारण सरपटणाऱ्यांत मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन असतं.

शेवटी कागदपत्रं. नाग, अजगर, मगर, समुद्री कासव, तारा कासव, सगळेच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. फक्त विष्ठा किंवा अंड्याचं कवच उचलायचं असलं, तरी आधी वनविभागाला लेखी विचारा.