घरातील वाद आणि दहावीचे मूल: पालकांनी काय करावे

कापूस घरात येऊन पडला, की तो भाव वाढेपर्यंत ठेवायचा की सोसायटीचे कर्ज फेडण्यासाठी लगेच विकायचा, यावरून खानदेशातील कितीतरी घरांत आईवडिलांचे खटके उडतात, आणि नेमक्या त्याच काळात दहावीच्या सराव परीक्षा येतात.

प्रथम मुलाला हा वाद कसा दिसतो, ते समजून घ्यावे. ग्रिच आणि फिंचम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडले, की वाद मुलाला किती धोक्याचा वाटतो आणि त्याचा दोष ते स्वतःकडे घेते का, यावर परिणामाची तीव्रता बरीच अवलंबून असते. म्हणूनच क्लासची फी किंवा कमी पडलेले गुण हा भांडणाचा विषय झाला, तर तो मुलाला सर्वाधिक लागतो. अशा वेळी, “हा आमच्यातला प्रश्न आहे, तुझ्यामुळे नाही,” असे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. ते त्याला आपोआप कळेल, असे धरून चालू नये.

वाद मिटला, तर तो मिटल्याचेही मुलाला कळू द्यावे. बंद दाराआड समेट होतो आणि मूल मात्र रात्रभर कानोसा घेत राहते. सकाळी वर्गात त्याचे डोळे मिटतात, त्याला आपण आळस म्हणतो. मुलासमोर झालेले भांडण त्याच्यासमोरच शांतपणे संपले, तर त्याची अस्वस्थता कमी होते, असे संशोधनातही आढळले आहे. मात्र खोटा समेट दाखवू नये, या वयाची मुले तो ओळखतात.

अबोला धरून “तुना बापले सांग” असे निरोप मुलाकरवी पाठवणे आजच थांबवावे. दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची, या पेचात सापडलेले मूल अभ्यासाला बसते, पण त्याचे मन तेथे नसते.

त्यानंतर वर्गशिक्षकांना भेटावे. घरातील सर्व तपशील सांगण्याची गरज नाही. “सध्या घरी ताण आहे, लक्ष असू द्या,” एवढे पुरेसे आहे. गैरहजेरी, चिडचिड आणि अपूर्ण गृहपाठ शिक्षकांना दिसतात, पण एकाएकी अतिशय शहाणे आणि गप्प झालेले मूल सहसा नजरेतून सुटते, म्हणून त्याविषयी मुद्दाम विचारावे.

घरात मारहाण होत असेल, तर समेटाचे हे उपाय लागू पडत नाहीत. तेथे आधी सुरक्षितता पाहावी: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ या क्रमांकावर फोन करावा.