दादरचा फ्लॅट विकून कोकणात घर? आधी एवढं बघून घ्या

रिटायरमेंट जवळ आली किंवा वर्क फ्रॉम होम मिळालं की हल्ली घरोघरी हाच विषय निघतो, दादरची जागा विकूया आणि गावाला मस्त घर करून राहूया. माझं पहिलं सांगणं एवढंच की फ्लॅट लगेच विकू नका. भाड्याने द्या, गावाला अख्खं वर्ष राहून बघा, मग ठरवा. दादरला एकदा विकलेली जागा परत घेणं आपल्यासारख्यांना जमत नाही, आणि गणपतीत आठ दिवस घर जसं वाटतं तसं ते बाकीचं वर्ष नसतं.

भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्सचं (म्हणजे भाडेकराराचं) अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायलाच लागतं, ते टाळू नका. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावेल, पण तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, जास्त मागितला तर लेखी विचारा.

आता गाव. जुलैमध्ये जा आणि मे महिन्याच्या मध्यावर जा, हे दोन महिने काढलेत की बरंच कळतं. मे मध्ये सकाळी विहिरीत वाकून बघा, आणि शेजारच्या काकूंना विचारा की पाणी कधी आटतं, नळपाणी योजना आहे तर नळ किती दिवसांनी येतो. घर दाखवणारा एजंट हे कधीच सांगणार नाही, शेजारी सांगतात. जुलैमध्ये पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत ओल धरते का ते तिथेच कळतं. जुनं कौलारू घर असेल तर वासे आणि तुळया भिंतीत जिथे शिरतात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला किंवा लाकडावर मातीच्या रेघा दिसल्या तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी आहे, मग वरून कितीही पॉलिश मारलेलं असू दे, छप्पर बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावच्या घराला माणूस लागतो. फ्लॅट सहा महिने बंद ठेवला तर फार तर धूळ साठते. कौलारू घर एक पावसाळा बंद राहिलं आणि माकडांनी चार कौलं सरकवली की पाणी वाशावर, वाशातून भिंतीत, आणि दिवाळीत येऊन बघावं तर माजघरात बुरशी. पावसाआधी दरवर्षी घर शाकारायचं, बेडं (सुपाऱ्या) काढायची, नारळ उतरवायचे, पंप बिघडला तर बघायचा, हे सगळं करणारी माणसं आता गावात कमी आहेत आणि जी आहेत ती चार घरांत वाटलेली. तेव्हा घर बघायच्या आधी असा भरवशाचा माणूस आहे का ते बघा, नसेल तर माझ्या मते ते घर घेऊच नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली मंडणगडकडे कित्येक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती, तेव्हा ज्यांच्याकडे अशी माणसं होती त्यांची निदान कौलं तरी लवकर परत चढली.

दवाखान्याचा विचार भावनेत वाहून न जाता करा. घरात हार्टचा पेशंट असेल किंवा आईवडील सत्तरीच्या पुढचे असतील तर मी दादरच म्हणेन, परळला केईएम, माहीमला हिंदुजा, जवळच आहेत. चिपळूणच्या बाजूला असाल तर डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल मोठा आधार आहे. सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या आजारपणाला गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, सावंतवाडीहून ते बरं पडतं पण देवगडवाल्याला दुपटीच्या वर अंतर आहे. नकाशावर नाही, स्वतः गाडीने जाऊन वेळ लावून बघा, तेही पावसात. आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू आणि सापाच्या दंशावरची इंजेक्शनं असतात का ते विचाराच, फुरसं हा विषारी साप आपल्याकडे भरपूर.

कागदांचं सांगायचं तर गावात सातबारा (जमिनीच्या मालकीचा उतारा) हाच खरा त्रास आहे. आजोबांच्या नावावरचा सामायिक सातबारा, त्यावर पंधरा वीस नावं, दोन परदेशात, एकाची वारस नोंदच नाही, अशा जागेत पैसे घालू नका, आधी वाटणी करून घ्या. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव आहे का बघा. मोजणी करून घ्या आणि रस्ता कागदावर आहे का ते बघा, नुसती वहिवाटीची पायवाट असेल तर पुढे भांडण ठरलेलं. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून बंगलो प्लॉटच्या जाहिराती बघितल्यात तर आधी जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, असल्याचा कागद मागा. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध, तपासा.

शहरात फ्लॅट घ्यायचा किंवा ठेवायचा असेल तर तपासणी सोपी आहे पण करावी लागते. जागा पागडीची की मालकीची, सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, लिफ्ट आहे का (गुडघे दुखायला लागले की तिसरा मजला फार उंच होतो), आणि कार्पेट एरिया स्वतः टेप लावून मोजा.

मुलं शाळेत असतील तर घाबरू नका, दहावी बारावीच्या निकालात कोकण बोर्ड वर्षानुवर्षं पहिलं येतंय. बारावीनंतर मात्र बाहेर पाठवायची तयारी ठेवा.

शेवटचं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, सगळ्यांसमोर नको. विशेषतः बायकोला. गावाला राहायला गेलं की मे मध्ये सगळे पाहुणे येतात आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक तिच्याच अंगावर पडतो, शिवाय तिच्या मैत्रिणी, तिचं मंडळ, तिची रोजची चालत भाजी आणायची सवय सगळं दादरला राहतं. ती नाही म्हणाली तर फ्लॅट ठेवा आणि दरवर्षी दिवाळी ते शिमगा गावाला रहा, तेव्हा विहिरीला पाणीही असतं आणि हवाही चांगली असते.