बोडीला गाडीने जाताय? मग हे वाचून निघा

कॅलिफोर्नियातल्या आपल्या लोकांचं योसेमिटी, टाहो सगळं होतं पण बोडी हे सोन्याच्या खाणीचं ओस पडलेलं गाव राहूनच जातं, म्हणून मुद्दाम लिहितेय. १८५९ मध्ये बोडी नावाच्या माणसाला इथे सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो बर्फाच्या वादळात गेला, गाव भरभराटीला आलं ते १८७७ नंतर, आठ-दहा हजार वस्ती झाली म्हणतात. आता कोणी राहत नाही. १९६२ पासून स्टेट पार्क आहे, घरं रंगवून नवी करत नाहीत, फक्त पडू देत नाहीत.

बे एरियातून जाणार असाल तर जून ते ऑक्टोबरमध्येच जा, कारण हायवे १२० वरचा टायोगा पास (डोंगरातला घाट) बर्फामुळे महिनोन्महिने बंद असतो, त्यामुळे निघायच्या आधी रस्ता चालू आहे का ते बघाच. माझं मत विचाराल तर सप्टेंबर बेस्ट. पास उतरलात की ली व्हायनिंग, तिथेच टाकी फुल करा आणि खायचं घ्या, घरून दशम्या-चटणी नेलीत तर उत्तमच, कारण बोडीत ना पेट्रोल ना खायला काही. मग हायवे ३९५ ने उत्तरेला जाऊन उजवीकडे २७० नंबरचा रस्ता पकडायचा, १३ मैल, त्यातले शेवटचे ३ कच्चे आणि खडबडीत, साधी सेडान जाते पण हळू चालवा. मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालू नका, मॅप आधीच डाउनलोड करा.

गाव ८,३७५ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षाही कितीतरी उंच, त्यामुळे थोडं चाललं तरी दम लागतो, पाणी भरपूर न्या, टोपी आणि जाकीट दोन्ही घ्या.

आता खरं महत्त्वाचं. अर्ध्या तासात फोटो काढून परत फिरू नका प्लीज, निदान तीन तास द्या. बहुतेक घरांच्या आत जाता येत नाही, मग काचेला नाक लावून, दोन्ही हातांनी उजेड अडवून बघायचं, म्हणजे आतलं दिसायला लागतं. शाळेत बाकं आणि पृथ्वीचा गोल तसाच आहे, दुकानात फळ्यांवर डबे-बाटल्या, सगळ्यावर धूळ. १९३२ च्या आगीत बरंचसं गाव जळालं, हे उरलंय ते थोडंसंच.

स्टँडर्ड मिलची टूर असेल तर सोडू नका, म्युझियममध्ये चौकशी करा. दगड कुटून सोनं काढायची ही गिरणी, आणि १८९२-९३ च्या सुमारास हिच्यासाठी १३ मैलांवरून वीज आणली होती, तेव्हाच्या मानाने केवढी मोठी गोष्ट!

खिळा, काचेचा तुकडा काहीही उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा.

मुक्काम ली व्हायनिंग किंवा ब्रिजपोर्टला करा, दोन्ही छोटी गावं आहेत, उन्हाळ्यात रूम आधीच बुक करा. ली व्हायनिंगला राहिलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मोनो लेकचा साउथ तुफा (तळ्याकाठचे चुनखडीचे सुळके) उरकून मग परतीला लागा.