जुना गेम नव्या कन्सोलवर: आधी सेव्ह, मग डिस्क

जुना पीएस4 (सोनीचा प्लेस्टेशन 4 हा गेम कन्सोल) कुणाला देऊन टाकणार असाल तर थोडं थांबा. धाकट्या भावाने आणि मी मिळून एका गेममध्ये 90 तास घातले होते. आमचे सगळे गेम बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते, म्हणून ती ठेवून घेतली आणि पीएस4 मधला डेटा पुसून तो मावसबहिणीला दिला. पीएस5 ला हार्ड डिस्क जोडली, गेम लगेच दिसला, सुरूही झाला. पण मेन्यूत फक्त 'न्यू गेम'. 'कंटिन्यू' नव्हतंच. भाऊ काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

झालं होतं ते असं: पीएस4 गेम बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवू देतो, पण सेव्ह, म्हणजे आपण कुठवर खेळलो त्याची नोंद, कायम स्वतःच्या पोटातल्या स्टोरेजवरच लिहितो. गेम आणि सेव्ह या दोन वेगळ्या वस्तू आहेत, वेगवेगळ्या न्याव्या लागतात.

त्यासाठी साधा पेन ड्राइव्ह पुरतो. तो एफएटी32 किंवा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये हवा. पीएस4 वर सेटिंग्ज, ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट, सेव्ह्ड डेटा इन सिस्टिम स्टोरेज, आणि तिथे कॉपी टू यूएसबी. गेम निवडा, कॉपी करा. मग पीएस5 वर सेटिंग्जमधल्या सेव्ह्ड डेटा विभागात पीएस4 चा वेगळा रकाना आहे, तिथून यूएसबीवरचे सेव्ह आत घ्या. दोन्हीकडे खातं एकच हवं. घरात दोघा-तिघांची खाती असतील तर प्रत्येकाच्या खात्यातून हे वेगळं करा. ही पायरी हमखास राहते. पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची सदस्यता) असेल तर क्लाउडवरूनही सेव्ह नेता येतात, पण मी पेन ड्राइव्हची प्रत तरीही ठेवते.

आता गेमच्या डिस्क, म्हणजे सीडीसारख्या चकत्या. पीएस4 चे जवळजवळ सगळे गेम, म्हणजे 4000 हून अधिक, पीएस5 वर चालतात. डिस्कवरचा गेम पूर्ण इन्स्टॉल झाला तरी खेळताना डिस्क आत लागतेच, त्यामुळे डिस्क ड्राइव्ह नसलेला पीएस5 घेतला तर कपाटातल्या डिस्क नुसत्या पडून राहतील. पीएस1, पीएस2, पीएस3 च्या डिस्क पीएस5 वाचत नाही. त्या खेळायच्या तर जुनं यंत्रच जपा.

पीएस4 चे गेम बाहेरच्या हार्ड डिस्कवरून थेट खेळता येतात, तेव्हा आतली वेगवान जागा त्यांच्यावर खर्चू नका. ती पीएस5 च्या गेमना लागते, कारण ते बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवता येतात, पण तिथून चालत नाहीत. हार्ड डिस्क किमान 250 जीबीची हवी आणि हबमधून न जोडता थेट मागच्या पोर्टला लावा. पीएस4 चा जुना कंट्रोलर, ड्युअलशॉक 4, टाकू नका. पीएस4 चे गेम पीएस5 वर त्याने खेळता येतात, फक्त पीएस5 चे नाहीत.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. ज्या गेमची पीएस4 आणि पीएस5 अशी दोन्ही रूपं आहेत, तिथे भलतंच रूप सुरू होतं आणि सेव्ह हरवल्यासारखं वाटतं. प्ले बटणाशेजारच्या तीन टिंबांवर जाऊन कोणतं रूप निवडलंय ते पाहा. काही गेममध्ये पीएस4 रूपाच्या मेन्यूतून सेव्ह आधी अपलोड करावं लागतं, मग ते पीएस5 रूपात घेता येतं.

एक्सबॉक्सवाल्यांची (मायक्रोसॉफ्टचे कन्सोल) सोय जास्त चांगली आहे. नव्या सिरीज एक्समध्ये जुन्या एक्सबॉक्स 360 ची, अगदी पहिल्या एक्सबॉक्सचीही डिस्क चालते. पण ती फक्त किल्लीसारखी: गेम इंटरनेटवरून उतरतो, डिस्क मालकी दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या यादीत असलेलेच जुने गेम चालतात. त्या यादीत शेवटची 76 गेमची भर नोव्हेंबर 2021 मध्ये पडली. किनेक्टचे (अंगाच्या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे) गेम त्यात नाहीत. सिरीज एक्सच्या धाकट्या भावाला, सिरीज एसला, डिस्क ड्राइव्हच नाही, तिथे डिजिटल खरेदीच चालते. खेळताना व्ह्यू आणि मेन्यू ही दोन बटणं एकदम दाबलीत की 360 चा जुना गाइड, म्हणजे त्याचा मेन्यू, उघडतो.

360 वरचे सेव्ह न्यायचे तर त्याच्या स्टोरेजमध्ये क्लाउड सेव्ह्ड गेम्स चालू करा आणि सेव्ह तिकडे हलवा. मग नव्या यंत्रावर त्याच खात्याने गेम उघडा. मेन्यूत 'कंटिन्यू' दिसेपर्यंत जुना 360 जागचा हलवू नका.