म्हाडाच्या सोडतीत ‘राज्य कर्मचारी’ प्रवर्गातून अर्ज: जाहिरातीआधी करायची कामं

एका महामंडळाच्या आस्थापना शाखेत माझी नोकरी झाली. म्हाडाची जाहिरात आली की माझ्या टेबलापुढे रांग लागायची. ‘मॅडम, तो कर्मचारी असल्याचा दाखला लगेच मिळेल ना?’ विचारणाऱ्याची मुदत बहुतेक दोन दिवसांवर आलेली आणि सही करणारे साहेब दौऱ्यावर गेलेले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी आपला प्रवर्ग नीट ओळखा. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीत प्रवर्गांची छोटी इंग्रजी संकेताक्षरं असतात. ‘एसजी’ म्हणजे राज्य शासनाचे आणि राज्याच्या नियंत्रणाखालील वैधानिक मंडळं-महामंडळांचे कर्मचारी, निवृत्त झालेलेही. त्यांना ५ टक्के घरं. म्हणजे मंत्रालयातला लिपिक जसा यात येतो तसा एसटीचा वाहकही. ‘सीजी’ हा केंद्राचा, २ टक्के, आणि इथेच लोक फसतात. केंद्रीय नोकरी असली म्हणजे झालं, असं नाही. सरकारी निवासस्थानात राहणारा आणि निवृत्त झालेला किंवा तीन वर्षांत होणारा कर्मचारी, अशी अट आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुण पोस्टमनने ‘सीजी’ निवडला तर सोडतीत नाव लागूनही अपात्र ठरायची वेळ येते. माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, म्हाडाचे स्वतःचे कर्मचारी यांचे प्रवर्ग वेगळे. आमदार-खासदारांनाही २ टक्के आहेत, यावर आमच्या कँटीनमध्ये जे बोललं जायचं ते इथे लिहीत नाही.

आता ५ टक्क्यांचा हिशेब करा. एखाद्या इमारतीत वीसच घरं असतील तर तुमच्या वाट्याला एक. त्याहून लहान योजनेत कदाचित एकही नाही. सोडतीच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक योजनेच्या संकेत क्रमांकापुढे प्रवर्गवार घरांचा तक्ता असतो. मी लोकांना आधी तोच उघडायला लावायचे. आरक्षण आहे म्हणजे घर मिळणारच, असं समजून एकाच योजनेवर बसून राहणारे बरेच पाहिले. राखीव घर एक आणि मागणारे सगळे पक्क्या नोकरीतले, पगारावर कर्ज सहज मिळणारे. ही चढाओढ सर्वसाधारण गटापेक्षा सौम्य असेलच असं नाही. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत एकूण घरंच २,०३० होती.

उत्पन्नगट हा दुसरा अडथळा. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर क्षेत्रांत वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. हे उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. दोघंही कारकून असतील तर एकेकटे अल्प गटातले, पण जोडीने थेट उच्च गटात. उच्च गटात काय असतं? २०२३ च्या सोडतीत ताडदेवची साडेसात कोटींच्या आसपासची घरं होती. खालच्या गटातल्याला वरच्या गटासाठी अर्ज करता येतो, वरून खाली मात्र येता येत नाही. तेव्हा पगारवाढ आणि थकबाकी धरून मागच्या आर्थिक वर्षाचा आकडा कागदावर मांडा, अंदाजाने गट टिकमार्क करू नका.

कागदांचं काम जाहिरातीची वाट न पाहता आजच सुरू करा. २०२३ पासून म्हाडाने नवी संगणकीय पद्धत आणली. नोंदणी एकदाच होते आणि कागदपत्रं सोडतीच्या आधी तपासली जातात. पूर्वी आधी नंबर लागायचा आणि मग धावाधाव, ते गेलं. आधार आणि पॅन नवरा-बायको दोघांचं. अधिवास दाखला १ जानेवारी २०१८ नंतरचा, बारकोड असलेला हवा. घरात लॅमिनेट करून ठेवलेला जुना दाखला चालत नाही. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला. कर शून्य येतो म्हणून विवरणपत्र न भरणारे आमच्याकडे ढिगाने होते. भरा, तेवढंच एक काम वाचतं.

आणि नाव! आमच्या बायकांच्या सेवापुस्तकात माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नावच गायब. हे जुळवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. आधार आणि पॅन आधी सारखं करा. सेवापुस्तकातल्या नावबदलासाठी राजपत्रातली प्रसिद्धी जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या.

कर्मचारी असल्याचा दाखला कार्यालयप्रमुखाच्या सहीचा, जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह घ्या. त्यात हुद्दा, नियुक्तीचा दिनांक, नोकरी नियमित की कंत्राटी आणि कार्यालय कोणत्या खात्याच्या नियंत्रणाखाली आहे, हे स्पष्ट यायला हवं. शेवटची ओळ आम्ही सवयीने गाळायचो, पण महामंडळवाल्यांची पात्रता तिच्यावरच ठरते. जाहिरातीसोबत नमुना दिला असेल तर त्याच शब्दांत टाईप करून न्या, आस्थापनेतली बाई तुम्हाला दुवा देईल.

घराची अट लोक उलटी समजतात. गावचं घर आड येत नाही. ज्या महापालिका हद्दीत अर्ज करताय तिथे तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांच्या नावे पक्कं घर नको.

२०२४ च्या मुंबईच्या सोडतीत अर्जाचे ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९० होते. अनामत वेगळी. ती नंबर लागला नाही तर परत येते, म्हणून बँक खाते क्रमांक दोनदा तपासा. ‘आतून काम करून देतो’ म्हणणारा माणूस प्रत्येक कार्यालयाबाहेर असतो. म्हाडाने कुणालाही दलाल नेमलेलं नाही. शंका असेल तर वांद्र्याला कलानगरच्या गृहनिर्माण भवनात स्वतः जा.

फक्त म्हाडाकडेच डोळे लावू नका. सिडकोने २०२१ मध्ये कोविड योद्धे आणि गणवेशधारी कर्मचाऱ्यांसाठी नवी मुंबईत ४,४८८ घरांची वेगळी योजना काढली होती. अशा योजना अचानक येतात, आणि कागद तयार असलेल्यांनाच उपयोगी पडतात.

नंबर लागला की पेढे वाटण्याआधी एक अर्ज आपल्या कार्यालयात द्या. शासकीय कर्मचाऱ्याने स्थावर मालमत्ता घेताना कार्यालयाला आधी कळवावं लागतं, १९७९ च्या वर्तणूक नियमांत ते आहे. महामंडळात असाल तर तिथले सेवानियम बघा. पैसे भरण्याच्या तारखा देकारपत्रात (नंबर लागल्यावर म्हाडाकडून येणाऱ्या ऑफर लेटरमध्ये) असतात, त्या बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवा. आणि ताबा मिळाल्यावर पाच वर्षं ते घर विकता येत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच सांगून ठेवा.