एमसीबी किती अँपिअरचा टाकायचा? आधी भिंतीतली वायर बघा

आमच्या गावच्या घरात अगदी आत्ताआत्तापर्यंत किटकॅटच होते, ते पांढरे चिनी मातीचे फ्युज, आणि फ्युज उडाला की मामा कुठल्यातरी जुन्या वायरीतून तीन तारा काढून त्यांना पीळ मारून बसवायचा आणि म्हणायचा, आता नाही उडणार. खरंच नाही उडायचा! पण गडबड तिथेच होती. दीड एमएमच्या वायरीत ०.३ मिलिमीटरच्या २२ तारा असतात, त्यातली एक तार साधारण १३ अँपिअरला वितळते, तीन पिळल्या की ३० च्या वर गेल्याशिवाय काही होत नाही, आणि भिंतीतली वायर मात्र १४-१५ अँपिअरची. म्हणजे फ्युजच्या आधी वायरच शिजणार.

आता किटकॅट गेले, एमसीबी आले (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच), पण सवय तीच. एमसीबी सारखा पडतोय? मोठा टाक. तर डोक्यात एक पक्कं ठेवा, की एमसीबी तुमचा टीव्ही-फ्रीज वाचवायला नसतो, भिंतीतली वायर वाचवायला असतो. त्यामुळे त्याचा आकडा वायर बघून ठरतो.

सुरुवात कागद-पेनाने करा. एका सर्किटवर एकाच वेळी काय काय चालणार ते लिहा, वॅटची बेरीज करा आणि २३० ने भागा. गीझर २००० वॅटचा असेल तर ८.७ अँपिअर. किचनमध्ये इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०, झाले ३९५०, म्हणजे १७ च्या थोडं वर. एवढं एका लाईनवर नकोच, इंडक्शनला वेगळी लाईन ओढून घ्या, रिनोव्हेशन चालू असताना तर नक्कीच, नंतर टाइल्स फोडायचं कुणाच्या जिवावर येत नाही?

मग वायर. कोणती वायर आहे ते वायरीवरच छापलेलं असतं (स्क्वेअर एमएममध्ये, आपण बोलताना नुसतं एमएम म्हणतो). तांब्याची पीव्हीसी वायर पाइपातून भिंतीत गेलेली असेल तर मी ढोबळ असं धरतो: दीडला १४-१५ अँपिअर, अडीचला १९-२०, चारला २६ च्या आसपास. एकाच पाइपात सात-आठ वायरी कोंबल्या असतील तर अजून कमी, कारण उष्णता जायला जागा नसते.

एमसीबी या दोन आकड्यांच्या मधे बसला पाहिजे, लोडपेक्षा जास्त आणि वायरीपेक्षा कमी. दीडला १०, अडीचला १६, चारला २० किंवा फार तर २५. बरं, १६ चा एमसीबी १७ ला लगेच पडतो असं कुणी समजू नका. स्टँडर्डच असं आहे की १.१३ पटीला, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत, तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला म्हणजे २३ ला तासाच्या आत पडला पाहिजे. म्हणजे २३ अँपिअर पाऊण तास वाहू शकतात आणि तरी एमसीबी चांगलाच असतो. वायरीला थोडी जागा सोडायची ती याचसाठी.

आत दोन यंत्रणा असतात. ओव्हरलोडला बायमेटलची (दोन धातू जोडलेली) पट्टी तापून हळूहळू वाकते, शॉर्टला कॉइल झटक्यात खटका पाडते. ही कॉइल कितीला खटका पाडणार ते एमसीबीवरच्या अक्षरावरून कळतं: बी असेल तर ३ ते ५ पट, सी असेल तर ५ ते १० पट. लाईट आणि गीझरला बी चालतो. एसी, पंप, फ्रीज चालू होताना क्षणभर जोरात करंट ओढतात, तिथे बी उगाच पडत राहील म्हणून सी.

पण दुकानदार सरसकट सी देतो आणि शेतावर याचा घोळ होतो. समजा घरापासून विहिरीपर्यंत १०० मीटर अडीचची वायर आहे. जाऊन-येऊन २०० मीटर, रेझिस्टन्स जवळपास दीड ओहम. टोकाला शॉर्ट झाला तरी करंट १५५ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, खरं तर त्याहून कमीच, कारण घराच्या मागच्या लाईनचाही रेझिस्टन्स असतो. आणि सी-१६ ची कॉइल १६० पर्यंत गप्प बसू शकते! मग शॉर्ट होऊनही तो बायमेटल तापायची वाट बघणार, आणि तोवर वायर भाजतेय. अशा ठिकाणी चारची वायर टाका, तीच शॉर्टची करंट २५० च्या आसपास जाते आणि सी-१६ ला निवांत पुरते. लांब वायर म्हटलं की लोक फक्त व्होल्टेज पडतं का बघतात, हा हिशोब कुणी करत नाही.

एमसीबीवर चौकोनात ६००० किंवा १०००० लिहिलेलं असतं, तेवढ्या अँपिअरचा शॉर्ट तो न फुटता तोडू शकतो. ट्रान्सफॉर्मर बिल्डिंगच्या पायथ्याशीच असेल तर १०००० चाच घ्या, भावात फार फरक नसतो. आणि सोलर पॅनलच्या डीसी लाईनला घरातला साधा एसी एमसीबी अजिबात लावू नका, डीसीचा आर्क (खटका पडताना उडणारी ठिणगी) सहज विझत नाही, तिथे डीसीसाठीचाच लागतो.

शॉक? तो एमसीबीचा विषयच नाही. माणसाला मारायला अँपिअरचा छोटासा भाग पुरतो, १६ चा एमसीबी ते बघणारही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) वेगळी लावायची, अर्थिंग नीट करून घ्यायचं, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघायचं. उलट आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

आणि एवढं करूनही एमसीबी पडलाच तर आधी तो कधी पडतो ते बघा. चालू करताच पडला तर शॉर्ट. वीस-पंचवीस मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड, किंवा एमसीबीचा स्क्रू ढिला. ढिल्या स्क्रूने टर्मिनल तापतं, ती उष्णता बायमेटलपर्यंत जाते आणि लोड बरोबर असूनही तो पडतो. मे महिन्यात उन्हातल्या भिंतीवरचा डीबी (एमसीबी बसवलेला डबा) असेल तर अजूनच. तेव्हा मोठा एमसीबी आणायला पळायच्या आधी वायरमनला बोलवा, मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.