लिनक्स शिकताना योग्य माहिती शोधायची तर या चुका टाळा

ओळखीतल्या एका मुलाने लॅपटॉपवर नुकतंच लिनक्स मिंट 22, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं होतं. एक प्रोग्रॅम बसवताना अडला म्हणून घरी आला. "काका, सूचनांमध्ये आहे तसंच केलं, तरी रिलीज फाइल नाही म्हणतंय."

सूचना उबंटूच्या, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या एका प्रकारच्या होत्या. त्यातली कमांड सिस्टमच्या आवृत्तीचं टोपणनाव विचारून घेते आणि ते डाउनलोडच्या पत्त्यात भरते. मिंटने सांगितलं 'विल्मा'. सर्व्हरवर मात्र फोल्डर होतं 'नोबल', कारण मिंट 22 हे उबंटू 24.04 वर बेतलेलं आहे आणि त्या उबंटूचं टोपणनाव नोबल. तेवढा एक शब्द बदलला आणि प्रोग्रॅम बसला.

नवशिक्यांची बहुतेक अडचण इथेच असते. आपल्याकडे नेमकं काय आहे हे न बघताच शोध सुरू होतो. 'ईटीसी' फोल्डरमधली 'ओएस-रिलीज' ही फाइल आधी उघडा. सिस्टमचं नाव, आवृत्ती आणि मिंट असेल तर मूळ उबंटूचं टोपणनावसुद्धा तिथे मिळतं. मग शोधताना आवृत्तीचा आकडा सोबत टाका. उबंटूच्या आकड्यातच तारीख असते: 24.04 म्हणजे 2024 चा एप्रिल.

जुन्या सूचनांचा त्रास वेगळाच. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं पॅकेज 'पिप' या तिच्या इन्स्टॉलरने थेट सिस्टममध्ये बसवा, असं आजही अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. उबंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या डेबियनमध्ये आवृत्ती 12 पासून सिस्टम त्याला नकार देते. हा नकार बळाने मोडायचा पर्याय सापडतोही, पण तो वापरू नका, सिस्टमचेच प्रोग्रॅम बिघडू शकतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टमपासून वेगळा ठेवलेला पायथनचा कप्पा, तयार करून त्यात पॅकेज बसवा.

आर्च या लिनक्सचा माहितीकोश, आर्च विकी, मला फार आवडतो. एखादी गोष्ट का चालते हे तिथल्याइतकं नेमकं क्वचितच कुठे लिहिलेलं असतं. पण तिथल्या पॅकेज बसवायच्या कमांड 'पॅकमन' या आर्चच्या साधनाच्या असतात, उबंटूवर त्यासाठी 'एपीटी' लागतं. समजून घ्यायला विकी वाचा, कमांड मात्र आपल्या सिस्टमच्याच घ्या.

"मॅन पेज वाच", म्हणजे 'मॅन' कमांडने उघडणारं सिस्टममधलंच माहितीपान वाच, हा सल्ला नवख्याला घाबरवतो. ते पान धडा नव्हे, कोशासारखं आहे; वरून खालपर्यंत वाचायचं नसतं. तिरपी रेघ दाबून हवा तो शब्द लिहा, 'एन' दाबलं की पुढची जागा, 'क्यू'ने बाहेर. उदाहरणं असली तर बहुधा शेवटाकडे सापडतात. नावापुढचा कंसातला आकडाही बघा: 'पासडब्ल्यूडी'चं 1 क्रमांकाचं पान पासवर्ड बदलायच्या कमांडचं आहे, 5 क्रमांकाचं त्याच नावाच्या फाइलचं.

आणि नेट नसेल तर? डेबियन, उबंटू, मिंटवर 'यूएसआर'मधल्या 'शेअर'च्या आत 'डॉक' फोल्डर असतं. प्रत्येक पॅकेजचा तिथे आपापला कप्पा असतो, आणि काहींमध्ये 'रीडमी डॉट डेबियन' ही फाइल. डेबियनने त्या प्रोग्रॅममध्ये काय वेगळं केलंय ते तिच्यात लिहिलेलं असतं, तेही तुमच्याकडे बसलेल्याच आवृत्तीबद्दल.